‘पब्लिश’ दाबताय? एक मिनिट, बॉस!

मजकूर तीनदा वाचला, बॉसनं ‘ओके’ म्हटलं, फोटोही झक्कास. मग वेबसाइटवर गेल्यावर लेखाचा चेहरा का बदलतो? आणि कधी कधी अर्थसुद्धा?

शुक्रवार संध्याकाळ, पावणेसात. अर्धं ऑफिस लिफ्टपाशी, उरलेलं अर्धं ‘निघालास का?’चे मेसेज टाकतंय. तुमच्यासमोर स्क्रीनवर लेख तयार आहे, कोपऱ्यात ते निळं बटण चमकतंय आणि त्याच्या शेजारी एक छोटंसं, बिचारं दुसरं बटण आहे. ‘प्रिव्ह्यू’. खरं सांगा, त्यावर शेवटचं क्लिक कधी केलं होतं?

‘मी कुठे पत्रकार आहे?’ असं म्हणून पान उलटू नका. आज वेबसाइटवर लिहिणारे फक्त पत्रकार राहिलेत कुठे? एचआरवाली पोरगी कंपनीच्या इंट्रानेटवर दिवाळी पार्टीचा वृत्तान्त टाकते. मार्केटिंगमधला मुलगा प्रॉडक्टची मराठी माहिती चढवतो. कोणी सोसायटीच्या साइटवर पाणीकपातीची सूचना लावतं, कोणी परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाच्या पानावर गणपतीचा कार्यक्रम. या सगळ्यांचा एक गोड गैरसमज असतो, की फाइल नीट वाचली म्हणजे लेख तपासला. माझाही होता. तो ज्या दिवशी उतरला, त्या दिवसाची गोष्ट सांगतो. गोष्ट माझ्याच चुकीची आहे, त्यामुळे ऐकायला मजा येईल.

चमचाभर चूक

जुलै २०१६. मी तेव्हा आरोग्यविषयक मजकूर देणाऱ्या एका मराठी वेबसाइटसाठी काम करत होतो. पावसाळा म्हणजे आमचा सीझन. डेंग्यू, कावीळ, जुलाब, सगळं एकदम ‘ट्रेंडिंग’. एका बालरोगतज्ज्ञांनी लेख पाठवला होता: मुलांना जुलाब झाले तर घरी काय करायचं. लेख सुंदर. त्यात १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यानं हजारोंना कसं वाचवलं, तेही होतं. आणि मधोमध घरच्या घरी करायच्या पाण्याची कृती: १ लिटर उकळून गार केलेलं पाणी, ६ सपाट चमचे साखर, ½ सपाट चमचा मीठ.

मी फाइल तीनदा वाचली. ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, दोन लांब वाक्यं तोडली, हेडिंग बदललं. मग मजकूर कन्व्हर्टरमधून काढून साइटवर चिकटवला, प्रिव्ह्यू उघडला, फोटो मधोमध आलाय ना एवढं पाहिलं आणि धाडकन पब्लिश! सात वाजून दहा मिनिटांची लोकल मिळाली, विंडो सीटसकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला ऑफिसचा लँडलाइन वाजला. सोलापूरकडच्या एका गावातून अंगणवाडीच्या ताई बोलत होत्या.

“दादा, ते तुमचं साखर-मिठाच्या पाण्याचं आलंय ना मोबाइलवर, तुम्हीच टाकलंय का?”

“हो, बोला ना ताई.”

“आमच्या भिंतीवरच्या तक्त्यात मीठ अर्धा चमचा लिहिलंय. तुमच्याकडं चमचा लिहिलंय. आता बायका मला विचारायल्यात, कुठलं खरं?”

मी साइट उघडली. ‘१ लिटर पाणी, ६ सपाट चमचे साखर, सपाट चमचा मीठ.’ अर्धा गायब. सपाट चमचा मीठ म्हणजे वाचणाऱ्याच्या लेखी एक चमचा. दुप्पट. आणि इथे दुप्पट मीठ म्हणजे नुसतं पाणी खारट होणं नव्हे. जुलाबानं आधीच सुकलेल्या बाळाच्या रक्तातलं सोडियम त्यानं वाढतं. ते फिट येण्यापर्यंत जाऊ शकतं, जिवावरही बेतू शकतं. म्हणून तर त्या तक्त्यांवर ‘अर्धा’ एवढा ठसठशीत असतो.

माझ्या पोटात गोळा आला, हे सांगायला नको.

अर्धा गेला कुठे?

दुरुस्ती करायला दोन मिनिटं लागली. चूक कशी झाली हे कळायला अख्खा दिवस. डॉक्टरांनी टाइप केलं होतं इंग्रजी अंकात, एक भागिले दोन. वर्डला आगाऊपणा करायची सवय. त्यानं ते तीन अक्षरांचं आपोआप एकच चिन्ह केलं: ½. उरलेला लेख होता जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटमध्ये. तो युनिकोडमध्ये बदलणाऱ्या आमच्या कन्व्हर्टरच्या यादीत ½ नव्हतंच. ओळखीचं नाही म्हटल्यावर त्यानं ते शांतपणे टाकून दिलं. ना एरर, ना लाल रेघ.

त्या जागी दोन स्पेस उरल्या होत्या. निदान त्या मोठ्या फटीमुळे तरी डोळ्याला खटकलं असतं? नाही ना! ब्राउझर सलग आलेल्या कितीही स्पेस एकच करून दाखवतो. म्हणजे चोरानं पावलांचे ठसेही पुसले. वर्डच्या फाइलमध्ये ½ दिमाखात बसलेलं होतं, आणि मी तीनदा वाचली होती ती वर्डची फाइल. वाचकानं वाचलं ते दुसरंच काहीतरी. ते मी एकदाही वाचलं नव्हतं.

आमच्या डेस्कवरच्या सिनियर, ज्यांना सगळे ताईच म्हणायचे, त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी डॉक्टरांची मूळ फाइल प्रिंट करून माझ्यापुढे ठेवली, स्वतः साइट उघडली आणि म्हणाल्या, “तू कागदावरचे फक्त आकडे वाच. मी पानावर बोट ठेवते.” लेखात एकोणीस आकडे होते. आम्हाला दीड मिनिट लागलं. दीड! मी विंडो सीटसाठी ते वाचवलं होतं.

त्या दिवसापासून आमच्याकडे नियम झाला. आधी आकडे, मग माणसांची नावं, मग बाकीचं जग. आकडे मोठ्यानं वाचायचे आणि दुसऱ्यानं पानावर पाहायचे. एकटे असाल तर मूळ फाइल मोबाइलवर आणि पान कॉम्प्युटरवर, पण एकाच फाइलशी तिचीच तुलना करू नका. औषधाचा डोस, परीक्षेची तारीख, अर्जाची फी, हेल्पलाइन, यातलं एकही चुकलं तर वाचक ‘टायपो असेल’ म्हणून हसून सोडणार नाही. तो त्याप्रमाणे वागेल.

हेल्पलाइनवरून आठवलं. फोन नंबर देवनागरी अंकात छान दिसतो, पण बऱ्याचदा त्यावर टॅप करून फोन लागत नाही. एकदा स्वतः बोट लावून पाहाच.

आचारी की आचार्य?

आपल्या मराठीची तर वेगळीच ष्टोरी आहे. ज्यांनी २००० च्या आसपास मराठी साइट्स पाहिल्यात त्यांना आठवत असेल, आधी ‘फाँट डाउनलोड करा’ अशी पाटी यायची. तो नसला की सगळा अग्रलेख इंग्रजी अक्षरांच्या भेळेसारखा दिसायचा. कारण साधं होतं. त्या काळातले बहुतेक मराठी फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेले देवनागरी आकार. प्रत्येक कंपनीची बसवाबसवी वेगळी. विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ फाँट आला, युनिकोड रुळलं आणि हे दुखणं हळूहळू कमी झालं. पण छापखान्यांत, ऑफिसांत आणि बऱ्याच लेखकांच्या कॉम्प्युटरवर जुने फाँट राहिले ते राहिलेच. त्यामुळे आजही कुठून तरी अशी फाइल येतेच आणि कन्व्हर्टरचा खेळ सुरू होतो.

या खेळात पहिला बळी ऱ्हस्व वेलांटीचा. जुन्या फाँटमध्ये ती दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी टाइप होते. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवली जाते, उच्चारतो त्या क्रमानं. कन्व्हर्टर गोंधळला की ‘समिती’ची ‘सिमती’ होते आणि ‘कविता’ची ‘किवता’. रफाराचं उलटं. तो जुन्या पद्धतीत अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये आधी. म्हणून ‘कार्यक्रम’ हा शब्द कन्व्हर्ट केलेल्या मजकुरात मी हटकून शोधतो, तो धड असेल तर बाकीचे रफारही बहुधा जागेवर असतात. आणि पानावर कुठे ठिपक्याठिपक्यांचं छोटं वर्तुळ दिसलं तर समजा, एखादी वेलांटी किंवा काना आपल्या अक्षराची वाट चुकून भटकतोय.

ही झाली डोळ्यांना दिसणारी चूक. खरा डेंजर प्रकार म्हणजे जिथे शब्द मोडत नाही, फक्त दुसरा होतो. ‘आचाऱ्यांना मानधन दिले’ आणि ‘आचार्यांना मानधन दिले’. पहिल्यात पैसे स्वयंपाक करणाऱ्यांना मिळाले, दुसऱ्यात गुरुजींना. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या, ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ट्रेकिंगच्या लेखात हा फरक अंमळ महत्त्वाचा.

तो आडवा, अर्धचंद्रासारखा र दोन पद्धतींनी टाइप होतो. एक म्हणजे नुक्तावाला ऱ घेऊन त्याला हलन्त जोडायचा. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त आणि मग एक जोडणारं अदृश्य चिन्ह, ज्याला रुंदीच नसते. दिसायला दोन्ही सेम टु सेम. पण अनेक ठिकाणी मजकूर चिकटवताना ‘साफसफाई’ होते आणि अदृश्य चिन्हं कचरा समजून फेकली जातात. मग आचारी बसल्या जागी आचार्य होतो. बिनपरीक्षेचं प्रमोशन! नेटवर तुम्हाला जिकडेतिकडे ‘बर्याच’, ‘तर्हा’, ‘वार्यावर’ दिसतं, त्यातलं बरंचसं याच वाटेनं आलेलं असतं. बिचाऱ्या लेखकाला शुद्धलेखन येत नाही असं म्हणून आपण मोकळे होतो.

‘ॲ’चीही अशीच गंमत. आधी अ टाइप करून त्यावर चंद्र देता येतो. २००८ मध्ये युनिकोडनं त्याला स्वतंत्र जागाही दिली. डोळ्याला दोन्ही ‘ॲप’ सारखे, पण कॉम्प्युटरच्या लेखी दोन वेगळे शब्द. हेडिंगमध्ये एक आणि लेखात दुसरा वापरला, तर पानावर शोधताना एक सापडेल, दुसरा नाही.

आणि विसर्ग, बाप रे! ‘वेळ सायंकाळी ७ः३०’. तो विसर्ग आहे, दोन टिंबं नव्हेत. कीबोर्डवर सापडला म्हणून लोक तोच ठोकतात. डोळ्याला खपून जातं, पण पान मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अंध वाचकाच्या कानाला तो विसर्गच असतो. ‘दुःख’ सोडून विसर्ग दिसला की मी संशयानंच पाहतो.

जाता जाता एक हौशी मुद्दा. राज्य सरकारच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयानुसार मराठीचा ल पाकळीचा आणि श देठाचा. पानाच्या कोडमध्ये भाषा ‘मराठी’ अशी नोंदवलेली असेल तर काही फाँट ही वळणं आपोआप दाखवतात. नोंदवली नसेल तर हिंदी वळणाची अक्षरं येतात. तुमच्या टेक्निकल टीमला एकदा विचारा. ते म्हणतील, ‘कोण बघतं?’ तेव्हा माझं नाव सांगू नका.

देखणेपणा म्हणजे काय रे भाऊ?

डिझायनर मंडळींशी माझं कायमचं भांडण आहे, प्रेमाचं. इंग्रजी हेडिंगमध्ये अक्षरं जरा सुटी केली की एकदम क्लासी लूक येतो. तीच ट्रिक मराठीवर केली की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. इंग्रजीला पुरणारं दोन ओळींमधलं अंतर मराठीला पुरत नाही. वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, एवढं कुटुंब घेऊन आपली अक्षरं फिरतात. त्यांना जागा दिली नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या डोक्यात घुसतो. दोन्ही कडा सरळ रेषेत आणायचा मोहही मोबाइलच्या चिंचोळ्या पट्टीत टाळा. ‘महानगरपालिकेच्या’सारखा एक लांबलचक शब्द खाली सरकला की वरच्या ओळीत एसटी जाईल एवढ्या फटी पडतात.

लेखाचं पहिलं अक्षर मोठं करण्याची फॅशन? करा, पण लेख ‘प्रत्येक’, ‘स्त्री’ किंवा ‘क्षण’नं सुरू होत नाही ना ते बघा. काही ब्राउझर जोडाक्षर मधूनच चिरतात.

ताईंची टेस्ट सोपी होती. त्यांच्या ड्रॉवरमध्ये एक जुना, तडकलेल्या काचेचा, साडेचार इंची फोन असायचा. प्रत्येक लेख पब्लिश व्हायच्या आधी त्यावर उघडायचा. आपल्या सत्तावीस इंची मॉनिटरवर सगळंच सुंदर दिसतं हो! त्या फोनवर मात्र पाच रकान्यांचा तक्ता निम्मा स्क्रीनबाहेर जायचा, फोटोओळ फोटोला सोडून पळायची, आणि ‘२००’ एका ओळीत तर ‘रुपये’ दुसऱ्या ओळीत. ताई एकही शब्द न बोलता तो फोन टेबलावर सरकवायच्या. आम्ही त्याला ‘सुप्रीम कोर्ट’ म्हणायचो.

लिंक निघाली गावाला

एवढं करून पान देखणं झालं. पण आज लेख पानावर वाचायला लोक येतात कुठून? व्हॉट्सॲपवरून. तिथे आधी दिसतो तो छोटा चौकोन, फोटो आणि हेडिंग. हेडिंगचा शेवट तिथे कापला जातो. आमच्या एका सहकाऱ्यानं लांबलचक हेडिंग दिलं होतं, शेवटचा शब्द ‘नाही’. चौकोनात तो ‘नाही’च उडाला आणि बातमी बरोबर उलटी झाली. म्हणून लिंक आधी स्वतःलाच पाठवून बघायची, ग्रुपवर नंतर. एकदा चुकीचा फोटो गेला की तो चौकोन बराच वेळ जुनंच दाखवत बसतो, तुम्ही पान सुधारलं तरी.

पत्ता मराठीत ठेवायचा असेल तर जरूर ठेवा, ब्राउझरमध्ये मस्त दिसतो. पण तोच कॉपी करून मेलमध्ये टाकला की टक्क्यांच्या चिन्हांची माळ होते. देवनागरीचं एकेक चिन्ह तिथे नऊ अक्षरांचं होतं. नुसता ‘मराठी’ शब्द, काना आणि वेलांटी धरून पाच चिन्हांचा, पंचेचाळीस अक्षरं खातो. पूर्ण हेडिंगच पत्त्यात टाकलं तर मारुतीचं शेपूट!

आणि हो, मीठ-साखरेच्या लेखाचं पुढे काय झालं ते राहिलंच. पान दोन मिनिटांत सुधारलं. वरच स्पष्ट टीप टाकली, आधी काय छापलं होतं आणि बरोबर काय आहे. डॉक्टरांना फोन केला. ते दोन क्षण गप्प राहिले आणि मग म्हणाले, “पान सुधारलंत, पण जे कॉपी करून पुढे गेलं असेल त्याचं काय?” खरंच, त्याचं काय? रात्रभर ते पान लाइव्ह होतं. लिंक पाठवणाऱ्यांच्या वाचकांना दुरुस्त पान दिसणार होतं. कृती तेवढी कॉपी करून फॅमिली ग्रुपवर टाकणाऱ्यांपर्यंत आम्ही पोहोचू शकत नव्हतो. आम्ही दुरुस्तीची वेगळी पोस्ट केली, जिथे जिथे शेअर केलं होतं तिथे तिथे टाकली, आणि मी त्या अंगणवाडीच्या ताईंना परत फोन लावला.

“अर्धाच बरोबर, ताई. चूक आमची.”

“मला वाटलंच,” त्या म्हणाल्या. “मी काल संध्याकाळीच बायकांना सांगितलं, तक्त्यावरचं धरा म्हणून. आणि पाकिटं आहेत की आपल्याकडं. पण एवढं मोठं तुमचं ऑफिस, कुणी वाचत नाही का आधी?”

यावर काय बोलणार? “वाचतो ताई,” एवढंच म्हणालो.

पुढच्या पावसाळ्यात डॉक्टरांचा नवा लेख आला. या वेळी युनिकोडमध्ये. मी सगळ्यात आधी कृतीवर गेलो. त्यांनी चेकवर लिहितात तसं लिहिलं होतं: ‘मीठ: अक्षरी अर्धा सपाट चमचा फक्त.’